पहिल्या खर्ड्यावर शुद्धलेखन तपासू नका

कॉलेजच्या मुलांना लेखन शिकवायला नव्याने उभे राहत असाल, तर एवढं एक पाळाच: पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. नव्या शिक्षकांचं सगळं सत्र इथेच वाया जातं.

पानभर पंचवीस लाल खुणा आणि खाली ‘मुद्दा स्पष्ट करा’ एवढाच शेरा असला, की विद्यार्थी सोपं काम आधी उरकतो. खुणा केलेले शब्द दुरुस्त करून तेच पान पुन्हा आणून देतो. जो परिच्छेद मुळात काढूनच टाकायला हवा होता, त्याच्या वेलांट्या तेवढ्या सुधारलेल्या असतात. लेखन-अध्यापनाच्या अमेरिकी अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ साली शिक्षकांचे शेरे तपासून नेमकं हेच मांडलं. ‘वाक्य नीट करा’ आणि ‘मुद्दा वाढवा’ या सूचना एकाच कागदावर आल्या, की मजकूर पक्का झालाय की अजून घडायचाय, हेच मुलांना उमगत नाही. शिवाय असले शेरे कुणाच्याही निबंधावर चालतात.

म्हणून पहिलं वाचन हातात पेन न घेता करा. मग फार तर तीन शेरे लिहा, तेही त्याच मजकुराला धरून. उदाहरणार्थ: ‘वसतिगृहातल्या मुलांचा अभ्यास जास्त होतो, हे कशावरून? चौथ्या परिच्छेदातलं तुमचंच उदाहरण उलटं सांगतंय.’ असा प्रश्न आला की मुलाला मजकुराकडे परत जावंच लागतं. खर्ड्यामागे दहा मिनिटं धरली तर चाळीस खर्ड्यांना सहा तास चाळीस मिनिटं लागतात. आकडा ऐकून घाबरू नका, दोन-तीन बैठकांत होतं.

शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यावर घ्या. लेखन शिकवणारे अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये मांडलेली रीत उत्तम आहे. चूक असलेल्या ओळीसमोर समासात नुसती खूण करायची, चूक कुठली ते सांगायचं नाही. विद्यार्थ्याने शोधून दुरुस्त केल्यावरच गुण नोंदवायचे. त्यांच्या वर्गात निम्म्याहून जास्त चुका मुलांनी आपण होऊन सुधारल्या होत्या. ज्या उरतात, त्याच शिकवायच्या असतात.

ज्येष्ठ सहकारी तयार शेऱ्यांची यादी देऊ करतील. घेऊ नका. स्वतः तपासलेले खर्डे उघडून दाखवणारा सहकारी मिळाला, तर मात्र त्याला सोडू नका. नमुना निबंध वाटण्याच्याही मी विरोधात आहे, मुलं त्यातला विचार सोडून साचाच उचलतात.

एकमेकांचं लेखन वाचायला दिलं तर ‘कसं वाटलं?’ विचारू नका, उत्तर ‘छान’ येतं. दोनच प्रश्न द्या: लेखकाचं म्हणणं एका वाक्यात काय आहे, आणि कुठली ओळ पुन्हा वाचावी लागली? पहिल्याचं उत्तर लेखकाच्या मनातल्या म्हणण्याशी जुळलं नाही, तर लिहिणाऱ्या मुलाकडून प्रत्येक परिच्छेदाचं सार समासात एकेका ओळीत लिहून घ्या. ज्या परिच्छेदाची ओळ लिहिता येत नाही, तिथूनच पुनर्लेखन सुरू करायला सांगा.