गाडीत सीडी प्लेअर नाही? आपली गाणी अशी वाजवा

नव्या गाड्यांतून सीडी प्लेअर गेला, आणि जुन्या ओम्नी-सुमोत तो बहुधा नव्हताच. मोबाइलवरच्या ऑनलाइन गाण्यांवर पनवेल-पेणपर्यंत निभतं. पुढे हायवे सोडून गुहागर, दापोली किंवा देवगडकडे वळलात की डोंगराआड रेंज जाते आणि गाणं अंतऱ्यातच अडकतं. कोकणात फिरणाऱ्या गाडीत गाणी गाडीतच भरलेली हवीत. त्यासाठी ३२ जीबीचा साधा पेनड्राइव्ह सगळ्यात भरवशाचा. तो वाजत नसेल तर टेपला (गाडीच्या म्युझिक सिस्टिमला) दोष देण्याआधी आत काय आणि कसं भरलंय ते तपासा.

आधी डॅशबोर्ड बघा

यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे गाणी वाजतीलच असं नाही. पोर्टशेजारी त्रिशूळासारखी खूण किंवा संगीताचं चिन्ह असेल तर तो गाण्यांचा पोर्ट. नुसती बॅटरीची खूण किंवा ‘२.१ ए’ लिहिलं असेल तर तो फक्त चार्जिंगचा. शंका असेल तर एकच एमपी३ फाइल टाकलेला पेनड्राइव्ह लावा आणि सोर्सचं बटण दाबून यूएसबी येतं का बघा. मागच्या सीटजवळचे पोर्ट बहुधा चार्जिंगपुरतेच असतात. नव्या गाडीत सगळे सी-टाइप पोर्ट असतील तर दोन्ही तोंडांचा पेनड्राइव्ह घ्या.

ऑक्सचं, म्हणजे फोन वायरीने टेपला जोडायचं, गोल ३.५ मिमीचं भोक कधी कधी ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा हाताखालच्या कप्प्यात लपलेलं असतं, तिथेही हात घालून बघा. लॅपटॉपचा बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह गाडीच्या यूएसबीला लावून मात्र काही होत नाही, टेप तो ओळखतच नाही.

पेनड्राइव्ह नीट भरणं

१. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडा. आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा काही हवं असेल तर आधी काढून ठेवा.
२. फाइल सिस्टिम ‘फॅट३२’ ठेवा. एनटीएफएस आणि एक्स-फॅट बरेच टेप वाचत नाहीत, ‘नो फाइल’ म्हणून मोकळे होतात.
३. ६४ जीबीच्या ड्राइव्हला विंडोजच्या त्या खिडकीत फॅट३२ हा पर्याय सहसा दिसत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून ३२ जीबीचाच घ्या.
४. गाणी एमपी३ मध्येच ठेवा, १९२ केबीपीएस (आवाजाच्या प्रतीचा आकडा) पुरे. पाच मिनिटांचं गाणं साधारण ७ एमबी होतं, म्हणजे ३२ जीबीत चार हजारांच्या आसपास गाणी बसतात. धावत्या गाडीत, खिडक्या उघड्या असताना, ३२० चा फरक कानाला कळत नाही.
५. एका फोल्डरात शंभर-दीडशेच गाणी ठेवा आणि फोल्डरात फोल्डर फार करू नका. प्रत्येक टेपची मोजदाद करण्याची मर्यादा असते, तिच्या पुढची गाणी तो दाखवतच नाही.

क्रमाची भानगड बहुतेकांना छळते. साधे टेप नावाप्रमाणे रांग लावत नाहीत, ज्या क्रमाने फाइल ड्राइव्हवर उतरली त्याच क्रमाने वाजवतात. त्यामुळे मंत्रपुष्पांजली आधी आणि आरती मागून, असा प्रकार होतो. फाइलींना ००१, ००२ असे आकडे द्या, नावाप्रमाणे लावून सगळ्या निवडा आणि ओढताना पहिल्याच फाइलला धरून ओढा. मधलीला धरलंत तर विंडोज तिथून कॉपी सुरू करतो. नंतर मध्ये एखादं गाणं घुसवायचं असेल तर तो फोल्डर पुसून पुन्हा भरणंच बरं. नावं रोमन लिपीत ठेवा, स्वस्त टेपच्या पडद्यावर देवनागरीचे नुसते चौकोन उमटतात.

मॅकवरून कॉपी केलं तर गाण्याच्या नावाचीच, पण टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी लपलेली फाइल सोबत येते. टेप तिलाही गाणं समजतो आणि प्रत्येक गाण्याआधी अडखळतो. त्या फाइली पुसून टाका.

गाणी आणायची कुठून

घरच्या सीडी असतील तर विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ‘रिप’ करा, म्हणजे गाणी कॉम्प्युटरवर उतरवा. त्याआधी सेटिंगमध्ये फॉरमॅट एमपी३ निवडलाय ना, ते बघा. जुन्या आवृत्तीत तो आपोआप डब्ल्यूएमए धरतो. आपल्याकडच्या दमट हवेत सीडीवर बुरशीचे ठिपके धरतात. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात घालून मऊ फडक्याने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल घासलंत तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि सीडी तिथेच अडकते.

गाण्यांच्या ॲपमधून ‘डाउनलोड’ केलेली गाणी पेनड्राइव्हवर नेता येत नाहीत. त्या फाइली कुलूपबंद असतात, त्या ॲपबाहेर उघडतच नाहीत.

गावच्या डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचं) किंवा नमनाचं (कोकणातल्या लोकनाट्याचं) रेकॉर्डिंग मोबाइलवर केलेलं असेल तर ते बहुधा एम४ए असतं आणि व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ओपस. दोन्ही टेपला बहुतेक वेळा झेपत नाहीत. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअर उघडून ‘मीडिया’मधलं ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ घ्या आणि ‘ऑडिओ – एमपी३’ निवडा. तीन तासांची सलग फाइल मात्र तशीच ठेवू नका. चावी बंद केली की काही टेप पुन्हा सुरुवातीपासून गजर लावतात, आणि बटण दाबून दोन तास पुढे जाईस्तोवर बोट दुखतं. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे पाडा, जमल्यास बुवा बदलतो तिथेच. अशा रेकॉर्डिंगचा आवाज सीडीच्या गाण्यांपेक्षा बराच बारीक असतो. एमपी३गेन नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइली ८९ डेसिबलवर आणल्या की मृदंगानंतरचं पुढचं गाणं कानावर आदळत नाही.

ऑक्स आणि ब्लूटूथ

ऑक्स केबल घेताना पिनेवर दोन काळ्या रेघा असलेली घ्या. तीन रेघांची माइकवाल्या हेडफोनसाठी असते, तिने कधी आवाज एका बाजूला जातो, कधी गायकच गायब होतो आणि नुसतं वाद्यवृंद ऐकू येतं. पिन अर्धवट बसली तरी हेच होतं, म्हणून आधी ती खटकन् आत दाबा. फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून बाकीचं टेपवरून करा.

फोन चार्जिंगला लावल्याबरोबर, ॲक्सिलरेटरसोबत चढणारी शिट्टी ऐकू येते? फोनची अर्थिंग चार्जरमधूनही जोडली जाते आणि ऑक्समधूनही, त्या वेटोळ्यातून अल्टरनेटरचा आवाज शिरतो. ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की शिट्टी जाते. चार्जर काढला आणि शिट्टी थांबली, तर निदान पक्कं.

ब्लूटूथ असूनही फक्त कॉल येतात आणि गाणी वाजत नाहीत, तेव्हा फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे ‘मीडिया ऑडिओ’ चालू करा. तो पर्यायच दिसत नसेल तर तुमच्या टेपचं ब्लूटूथ कॉलपुरतंच आहे. मग ऑक्सला लागणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या.

काहीच नसेल तर एफएम ट्रान्समीटर

लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा हा खुंटा पेनड्राइव्हचं किंवा फोनचं गाणं रेडिओवर पाठवतो. ट्रान्समीटर आणि रेडिओ, दोन्ही एकाच आकड्यावर हवेत. निवडताना तो आकडाच रिकामा असून भागत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंचे ०.२ मेगाहर्ट्झही शांत हवेत. मुंबई-पनवेल पट्ट्यात ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी स्टेशनं दाटीने आहेत, तिथे जागा मिळणं कठीण. दक्षिणेकडे बँड मोकळा होत जातो आणि बांद्याजवळ पुन्हा गोव्याची स्टेशनं डोकावतात. म्हणून दोन रिकामे आकडे आधीच शोधून ठेवा आणि बदलायचं काम शेजारी बसलेल्याला द्या, चालकाने घाटात ते करू नये.

फोनचा आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर नेलात तर गाणं फाटतं, आणि अगदी कमी ठेवलात तर रेडिओची खरखर वर येते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाड्या खेटून लागतात, शेजाऱ्याचा ट्रान्समीटर तुमच्याच आकड्यावर असेल तर दोन्ही गाड्यांत खिचडी होते. पलीकडे उतरलात की आपोआप सुटतं.

टेपच बदलायचा ठरवलात तर

यूएसबी-ब्लूटूथवाला, सीडी नसलेला टेप घ्या. टेपची दोन मापं असतात: सिंगल डिनचं तोंड साधारण १८० × ५० मिमी असतं, डबल डिनची उंची त्याच्या दुप्पट. गाडीच्या वायरी कापू देऊ नका, त्या मॉडेलचा कपलर (वायरी न कापता जोडायचा सॉकेट) मागा. बॅटरीची निगेटिव्ह सोडवूनच कामाला हात घाला. बाजारातल्या बहुतेक टेपमध्ये पिवळी वायर कायम बारा व्होल्टची, लाल चावीवरची आणि काळी अर्थिंगची असते. पिवळी-लाल उलटी लागली तर चावी काढताच घड्याळ आणि स्टेशनं विसरली जातात. दोन्ही एकत्र करून थेट बॅटरीवर दिल्या तर टेप बंद करायचा राहून जातो आणि सकाळी गाडी धक्क्यावर काढावी लागते. स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला कधीही टेकवू देऊ नका, आतला ॲम्प्लिफायर आयसी जळतो.

खारी हवा

किनाऱ्यावरच्या गावात ठेवलेल्या गाडीत ऑक्स-यूएसबीच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो. पिन फिरवली की करकर होते, पेनड्राइव्ह मधूनच गायब होतो. गाडी बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला इअरबड पिनेवर आणि पेनड्राइव्हच्या सोनेरी पट्ट्यांवर फिरवा. ऑक्सच्या भोकात काॅन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा देऊन पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, पूर्ण सुकू द्या, मग चालू करा. यूएसबीच्या पोर्टात टाचणी किंवा ब्लेड घालू नका. पावसाळ्यात गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल तर पेनड्राइव्ह काढून घरात ठेवा. भरलेल्या फोल्डरांची एक प्रत कॉम्प्युटरवरही असू द्या, कारण ३२ जीबी नव्याने भरायला साध्या ड्राइव्हला दीड-दोन तास लागतात.