नावाची पाटी वाकू नये म्हणून

साच्यात माती दाबायला पहिलीतल्या पोरालाही जमतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्यात माझ्या घरी दहा-बारा मुलं शिकायला येतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर साच्यातून निघालेलं सुबक फूल असतं. रडारड सुरू होते ती तिसऱ्या दिवशी. फुलाला तडा गेलेला, पाटीचे कोपरे वर आलेले, गणपतीच्या पोटावर आडवी भेग. मग आयांचे फोन, "ताई, माती खराब निघाली का हो?" माती चांगलीच असते. वाळवणं चुकलेलं असतं, आणि नेमकं तेच कुणी नीट सांगत नाही.

म्हणून इथे दारावरची नावाची पाटी करू. २० बाय १० सेंटिमीटरची, वर साच्यातली फुलं. सपाट पाटी वाळवणं सगळ्यात अवघड. ती सरळ राहिली की बाकीच्या वस्तू सोप्या.

माती कोणती

पाकिटात मिळणारी पांढरी, हवेवर वाळणारी माती घ्या. दुकानात तिच्याच शेजारी दोन गोळ्यांची माती असते, मोल्डइटसारखी. दोन्ही गोळे सम प्रमाणात मळायचे आणि काही तासांत ती दगड होते. ती वाळत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होते, त्यामुळे खालचं काहीच तिला लागू नाही. मुलांची फुगीर, स्पंजासारखी रंगीत मातीही पाटीला नको. शाडू हवेवर वाळतो खरा, पण पाणी लागलं की विरघळतो. विसर्जनाच्या मूर्तीला तो गुण, पाटीला दोष.

लाटणं

पोळपाटावर प्लास्टिकचा कागद, त्यावर मळलेला गोळा, दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल. लाटणं पेन्सिलींवरूनच फिरलं की पाटी सगळीकडे सारखी, साधारण ७ मिलिमीटर जाडीची होते. दोन-चार वेळा लाटलं की पाटी कागदासकट फिरवून दुसऱ्या दिशेने लाटा. टांगायची भोकं आत्ताच स्ट्रॉने पाडून घ्या. पाटी हाताने उचलू नका. ओली माती एकदा वाकली की ते वाकणं विसरत नाही, वाळताना पुन्हा तशीच वळते.

साचा

सिलिकॉनच्या साच्याला काही लावावं लागत नाही. प्लास्टिकच्या किंवा लाकडी साच्यात कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि जास्तीचं झटकून टाका. तेल लावा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तेलकट मातीवर नंतर रंग धरत नाही. फूल ओढून काढायचं नसतं, साचा पालथा करून मागे वाकवायचा, ते आपोआप पडतं. पातळ पाकळ्या अडकत असतील तर साचा पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मोदकाचा साचा मातीला वापरलात तर तो मातीचाच झाला, परत ओट्यावर आणू नका.

बाजारातल्या साच्यांत गुलाबच गुलाब असतात. माझ्या मुलींना कास पठारावरची फुलं हवी असतात. कासला फुलं तोडायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. म्हणून फोटो पाहून सोनकीचं एक फूल हाताने घडवलं, ते वाळवलं आणि दोन भागांच्या सिलिकॉन पुट्टीत दाबून साचा केला. तेरडा जमला नाही, पाकळ्या फार नाजूक.

फुलं पाटीवर आत्ता चिकटवायची नाहीत. वेगळी वाळवायची.

वाळवणं

माझी पहिली पाटी सांगलीच्या मामीच्या नव्या फ्लॅटसाठी होती. एप्रिल महिना, गच्चीवर शेजारणीच्या कुरडया वाळत होत्या. मीही पाटी तिथेच ठेवली. दुपारी चहा घेऊन वर गेले तर पाटीचा द्रोण झाला होता आणि नावाच्या मधोमध तडा. दुसऱ्या वेळी शहाणपणा केला. ओली पाटीच दोन फळ्यांत घालून वर पाटा ठेवला. चार दिवसांनी फळी उघडली तर पाटी फळीला चिकटलेली, खालून ओलीच आणि वर हिरवट बुरशी.

दोन्ही वेळा चूक एकच होती, पाणी सगळीकडून सारखं जाऊ दिलं नव्हतं. फळ्यांत तर त्याला वाटच नव्हती. मातीतलं पाणी जातं तशी ती आक्रसते. माझ्या पट्टीने मोजलेली २० सेंटिमीटरची पाटी वाळल्यावर १९ च्या आसपास भरते. हे आक्रसणं सगळीकडून एकाच वेळी झालं तर पाटी फक्त लहान होते. उन्हात वरचा थर आधी आक्रसतो, खालचा प्लास्टिकला टेकून ओलाच राहतो. वरचा थर कोपरे ओढून वर घेतो, म्हणून द्रोण. आणि जिथे ओढ सोसत नाही तिथे तडा. पंखा अगदी जवळ लावला, हेअर ड्रायर मारला किंवा ओव्हनमध्ये घातलं, तरी होतं हेच. कुरडईला ऊन लागतं, मातीला सावली.

आता मी असं करते. पहिली रात्र पाटी पोळपाटावरच राहू देते. वर मोठं घमेलं पालथं घालते, एका बाजूला काडी अडकवून बोटभर फट ठेवते. कोपऱ्यांना हवा तीन बाजूंनी लागते, ते आधी वाळतात, म्हणून कडांवर प्लास्टिकच्या दोन बोटं रुंद पट्ट्या अलगद ठेवते. या रात्री मातीने घाई करू नये, इतकंच बघायचं.

सकाळी पाटी उचलल्यावर लोंबत नसेल तर तिला खालूनही हवा द्यायची वेळ झाली. गहू चाळायची मोठी चाळण पालथी घालून तिच्या जाळीवर पाटी ठेवा. जाळी ताठ हवी, झोळ आलेली नको. दर चार-पाच तासांनी पाटी उलटा. दोन्ही हातांनी कडा धरून उलटायची नाही. वर एक फळी ठेवायची, चाळणीसकट सगळं पालथं करायचं आणि पाटी फळीवरून परत जाळीवर सरकवायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माती हाताला कडक लागते, पण गार असते. आता वजन द्यायचं, आधी नाही. खाली-वर कोरे कागद, त्यावर वर्तमानपत्रांच्या घड्या, मग फळी आणि दोन-तीन जाड वह्या. पाटा नको. कागद सकाळ-संध्याकाळ बदला, ओलावा तेच शोषतात. वर्तमानपत्र थेट मातीला लावू नका. माझ्या एका पाटीवर शेअर बाजाराचे भाव उलट्या अक्षरांत उमटले होते, ते पॉलिश पेपरनेही गेले नाहीत.

इतकं करूनही कोपरा उचलला तर? पाटी अजून गार लागत असेल तर खोलगट झालेल्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा वजनाखाली घाला. बहुतेक वेळा सरळ होते. पूर्ण वाळलेली पाटी दाबून सरळ करायला जाऊ नका, दोन तुकडे होतील. तिच्यावर उदबत्तीचं घर ठेवा आणि नवी लाटा.

वाळली हे कसं ओळखायचं? पाकिटावर तास लिहिलेले असतात, ते विसरा. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुका दुष्काळी. माणमधल्या म्हसवडच्या हवेतली पाटी आणि महाबळेश्वरच्या धुक्यातली पाटी एका वेळात कशी वाळेल? साताऱ्यात मार्चमध्ये मला चार दिवस लागतात, जुलैत आठ-नऊ. पाटी गालाला लावून बघा. गार लागली तर आतून पाणी अजून निघतंय. त्याहून खात्रीचा म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. माझी पाटी ओली असताना साधारण २४० ग्रॅम भरते, वाळून १९० च्या जवळ येते. दोन दिवस लागोपाठ आकडा तोच आला की झाली.

पावसाळ्यात उलटी अडचण, माती वाळण्याऐवजी आंबते. तेव्हा घमेल्याखाली एकच रात्र, पुढे खोलीत पंखा लावा, पण तोंड भिंतीकडे करून. हवा हलली पाहिजे, पाटीवर आपटता कामा नये. बुरशीचा ठिपका दिसला तर व्हिनेगरच्या फडक्याने पुसा.

साच्यातला गणपती जाड असतो, तो भरीव ठेवूच नका. साच्यातून काढल्यावर मागून चमच्याने कोरून पेन्सिलीएवढी जाडी राखा. आत थर्माकोल घालायचा सल्ला खूप ठिकाणी मिळतो. थर्माकोल आक्रसत नाही, माती आक्रसते. मापाला घट्ट ब्लाऊज घातला की शिवण उसवते, तसं होतं. आधार हवाच तर चुरगाळलेला कागद घाला, तो दबतो.

पुढचं सगळं

बारीक भेगा असतील तर तीच माती थोड्या पाण्यात आणि फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा. ते भरणही आक्रसतं, म्हणून दोनदा भरावं लागतं. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर ४००.

फुलं आता फेव्हिकॉलने चिकटवा. ओल्या पाटीवर ओली फुलं लावा म्हणणारे बरेच आहेत. पण फूल आणि पाटी वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात, त्यामुळे आठवड्याभरात दोन पाकळ्या जमिनीवर सापडतात.

ॲक्रिलिक रंगाचे दोन हात, मग वार्निश. वार्निश मागच्या बाजूलाही आणि भोकांच्या आतही. एकच बाजू बंद केली तर ओलावा मागून शिरतो आणि वाकण्याचा कार्यक्रम पुन्हा सुरू. कितीही वार्निश लावलं तरी ही माती पावसाची नाही. मामीच्या फ्लॅटचं दार आतल्या जिन्यात आहे, तिची पाटी बारा महिने टांगलेली असते. माझं दार पागोळ्यांखाली येतं, त्यामुळे जून लागला की माझी पाटी आत घेते आणि गौरी-गणपतीच्या आधी पुन्हा बाहेर लावते.