स्पर्धा आयोगाकडे जायचं तर काय तयारी करावी

गेल्या पावसाळ्यात सांगलीकडचे दोघे भाऊ माझ्या पुण्याच्या ऑफिसात आले. दूध संकलन केंद्रांसाठी त्यांनी अ‍ॅप बनवलेलं. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), लिटर, दहा दिवसांचं बिल, सगळं मोबाइलवर. एका मोठ्या अ‍ॅप स्टोअरने ते रातोरात काढून टाकलं. अ‍ॅपची वर्गणी आमच्याच पेमेंट पद्धतीने घ्या, असा स्टोअरचा हट्ट होता. "ताई, यांच्यावर केस करायचीच," थोरला म्हणाला. अशी बाब जाते भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे मोठ्या कंपन्या बाजारातली स्पर्धा दाबत नाहीत ना हे पाहणाऱ्या संस्थेकडे. मी पुरावा मागितला. त्याने फोन पुढे केला. स्क्रीनशॉट होता, पण वरची तारीख नेमकी कापलेली.

तर पहिलं काम हे. स्क्रीनशॉट पूर्ण घ्या, तारीख-वेळेसकट. ईमेल फॉरवर्ड करत बसू नका, मूळ ईमेल जपा. आणि करार त्या दिवशी जसा होता तसा उतरवून ठेवा, कारण अटी बदलतात आणि जुनी प्रत नंतर हाती लागत नाही.

धाकट्याने मात्र एक सोन्यासारखं काम केलं होतं. दुधाच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर गावांची नावं लिहिली होती: कोणतं केंद्र कोणत्या तारखेला बंद पडलं, फोनवर काय म्हणालं, परत वहीवर गेलं की दुसरं अ‍ॅप घेतलं. असं पान ज्याच्याकडे आहे त्याची बाजू भक्कम. गूगलच्या अँड्रॉइड प्रकरणात, म्हणजे गूगलने फोन कंपन्यांवर लादलेल्या अटींच्या प्रकरणात, आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १३३७.७६ कोटींचा दंड लावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाने गूगलला दिलेल्या दहापैकी चार निर्देश रद्द केले, आणि कंपनीच्या वर्तनाचा स्पर्धेवर परिणाम काय झाला हे तपासलंच पाहिजे असं सांगितलं. म्हणून परिणाम लिहा, राग नको.

कंपनी मोठी आहे, एवढ्यावर काही होत नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल आहे. वर्चस्व कोणत्या बाजारात, हे आधी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते निम्मी लढाई इथेच असते. अँड्रॉइड प्रकरणातच बघा. आयफोनशी आमची स्पर्धा आहेच की, असा गूगलचा बचाव होता. आयोगाने फोन बनवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं. अ‍ॅपल आपली प्रणाली दुसऱ्या कंपनीला वापरायला देतच नाही, मग फोनवाल्याने जायचं कुठे? तुमच्या अर्जातही हाच प्रश्न विचारा: हे दार बंद झालं तर माझ्यासारख्याला दुसरं दार कोणतं?

दाखल करायच्या कागदाला कायदा तक्रार म्हणत नाही, 'माहिती' म्हणतो. ती कलम १९ खाली, फी भरून द्यायची. नाव उघड होण्याची भीती असेल तर गोपनीयता मागा. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आयोग आपल्या तपास शाखेच्या प्रमुखांना, म्हणजे महासंचालकांना, चौकशी सांगतो. तोवर धंदा बुडेल असं वाटत असेल तर कलम ३३ खाली अंतरिम आदेश मागा. दंडातला एक रुपयाही तुम्हाला मिळत नाही, तो सरकारजमा होतो. भरपाईचा अर्ज वेगळा, अपील न्यायाधिकरणाकडे.

वेळ लागतो, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. अँड्रॉइडची चौकशी २०१९ मध्ये सुरू झाली, आदेश २०२२ मध्ये. दोन भावांचा धंदा तीन वर्षं थांबतो का? म्हणूनच मोठ्या प्लॅटफॉर्मना आधीच नियम घालून देणारा डिजिटल स्पर्धा कायदा मला हवा आहे. त्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये सरकारच्या समितीने मांडला. नुकसान झाल्यावर दंड लावून छोट्याचं गिऱ्हाईक परत येत नाही.

एक मुदत मात्र विसरू नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटना घडल्यापासून तीन वर्षांत माहिती दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर कारण पटवावं लागतं. अ‍ॅप काढल्याचा ईमेल ज्या दिवशी आला, तिथून दिवस मोजा. त्या भावांची तारीख मी त्यांच्यासमोरच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली, आणि धाकट्याने ती रजिस्टरच्या त्याच पानावर उतरवून घेतली.