जनरेटरच्या फायलींत हात घालण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर हे माझं पहिलं काम. डेटाबेसच्या टेबलांवरून कोडच्या फायली (क्लास) आपोआप लिहून देणारं एक साधन होतं, जनरेटर. जीएसटीच्या तपासण्या मी थेट त्याच फायलींत लिहिल्या. पुढे एका टेबलात कॉलम वाढला, जनरेटर पुन्हा चालवला आणि माझं सगळं लिखाण पुसलं गेलं. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, जुन्या ओळी होत्या, पण त्या वेचून परत लावण्यात दोन दिवस गेले.

सीनियर दादांनी एवढंच विचारलं, "मशीननं लिहिलेलं कुठलं आणि तू लिहिलेलं कुठलं, दाखव बघू." मला दाखवता येईना.

जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी चुकली तर चादर उसवत बसत नाहीत, भोकांचं कार्ड दुरुस्त करतात. इथंही आधी टेम्प्लेट, म्हणजे जनरेटर ज्यावरून कोड लिहितो तो साचा, बदलता येतं का ते बघा. नाहीतर आपला कोड वेगळ्या फायलीत ठेवा. सी शार्पमध्ये 2005 पासून पार्शल क्लास आहेत, म्हणजे एकच क्लास दोन फायलींत विभागता येतो; इतरत्र सबक्लास, म्हणजे मूळ क्लासवर बेतलेला आपला क्लास, करता येतो. मग तयार फायली गिटमध्ये ठेवल्या नाहीत तरी चालतं, बिल्डच्या वेळी त्या पुन्हा बनतात.

पण कधी कधी त्याच फायलीत हात घालावाच लागतो. तेव्हा गिटमध्ये एक वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची समांतर शाखा, ठेवा, तिच्यात फक्त जनरेटरचं कोरं आउटपुट. ती मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, मर्ज करायची (मिसळायची) आणि आपले बदल मेनवरच करायचे. पुढच्या वेळी नवं आउटपुटही आधी त्या ब्रँचवर कमिट करून (नोंदवून) मग मर्ज करायचं. जुनं कोरं, नवं कोरं आणि तुमचं, अशा तिन्ही प्रती गिटसमोर असतात, त्यामुळे तुमचे बदल टिकतात. उलटं, म्हणजे मेन त्या ब्रँचमध्ये, कधीही मर्ज करू नका.

माझ्यासारखा उशीर झाला असेल, म्हणजे तयार फायलींत बदल आधीच मिसळले असतील, तरी वाट आहे. मेनवरून ब्रँच काढा, जुन्याच टेबलांवर जुन्याच आवृत्तीचा जनरेटर चालवून कोरं आउटपुट कमिट करा आणि ती मेनमध्ये 'अवर्स' स्ट्रॅटेजीनं (मेनमधलं आहे तसंच ठेवणाऱ्या पद्धतीनं) मर्ज करा. मेनमधली एक ओळही हलत नाही, पण गिटला सामाईक पूर्वज, म्हणजे पुढची तुलना करायला जुनी कोरी प्रत, मिळतो. हे मला सर्वात उशिरा उमगलं.

जनरेटरची आवृत्ती आणि पूर्ण कमांड कमिट संदेशात लिहा. फायलीच्या माथ्यावर तो तारीख-वेळ छापत असेल तर ते बंद करा, नाहीतर प्रत्येक फाइल बदललेली दिसते.

पुढचा कॉलम वाढला तेव्हा कॉन्फ्लिक्ट, म्हणजे गिटला आपोआप जुळवता न येणारा बदल, एकाच फायलीत आला, एचएसएन कोडच्या (जीएसटीतल्या मालाच्या वर्गीकरण क्रमांकाच्या) तपासणीवर. तिथं थांबून विचार करणं खरंच गरजेचं होतं.