आउटलँडर दुसऱ्यांदा वाचायला घेताय? मग या वेळी असं वाचा

(ज्यांनी अजून एकदाही वाचलं नाहीये त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळंच फुटणार आहे.)

आउटलँडर म्हणजे डायना गॅबल्डनची कादंबरीमालिका, विसाव्या शतकातली क्लेअर अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पोचते आणि तिथल्या जेमीच्या प्रेमात पडते. पहिल्या वेळी आपण सगळे या क्लेअर आणि जेमीच्या मागे धावतो, भेटतात का नाही या नादात भराभर पानं उलटतो आणि बाकीची माणसं सुटतात. म्हणून नऊच्या नऊ भाग परत वाचणार असाल तर त्या दोघांना सोडून तिसरं कोणीतरी पकडा आणि त्याचाच माग काढत वाचा.

माझं मत लॉर्ड जॉन ग्रेला. दुसऱ्या भागात प्रेस्टनपॅन्सच्या लढाईआधी एक सोळा वर्षांचा इंग्रज पोरगा रात्री जेमीवर झडप घालतो, स्वतःचाच हात मोडून घेतो आणि क्लेअरची अब्रू वाचवायची म्हणून सैन्याची माहिती सांगून टाकतो. नाव सांगतो विल्यम ग्रे, त्यामुळे तिसऱ्या भागातला तुरुंगाचा गव्हर्नर तोच हे चटकन लक्षात येत नाही. पण कलोडनच्या लढाईनंतर जेमीचा जीव वाचतो तो त्या रात्रीच्या उपकारामुळे, आणि पुढे जेमीचा मुलगा वाढवतो तोही हाच जॉन, हे माहीत असताना तो प्रसंग वाचा, अक्षरशः वेगळा लागतो.

नाहीतर फर्गस घ्या. पॅरिसमध्ये जेमी या पाकीटमार पोराला शब्द देतो की माझ्या कामात तुझा हात किंवा कान गेला तर जन्मभर पोसेन. तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. तिसऱ्या भागात त्याचा हात खरंच जातो आणि पोरगं तोच शब्द आठवून वर जेमीलाच धीर देतं, मला तर तिथे दर वेळी रडू येतं.

पहिल्या भागात क्लेअरची मैत्रीण गेलिस हिच्यावर नजर ठेवा, तीही 1968 मधून आलीये हे माहीत असलं की तिचं साधं बोलणंपण टोचतं.

सालांचा गोंधळ होत असेल तर जेमीच्या सालात 202 मिळवायचे, क्लेअरचं साल मिळतं. म्हणजे 1743 चं 1945, कलोडनच्या 1746 चं 1948, आणि वीस वर्षांनी ती परत जाते तेव्हा 1766 चं 1968.

पाचव्या भागात बरेच जण गळतात, कारण अमेरिकेतल्या स्कॉट लोकांच्या 1770 च्या मेळाव्याचा एकच दिवस संपता संपत नाही. रोज थोडं थोडंच वाचा आणि कोण जेमीकडे काय मागायला येतंय एवढंच बघा, कारण नॉर्थ कॅरोलायनाचा गव्हर्नर ट्रायन याचा माणसं गोळा करायचा हुकूम तिथेच येतो आणि तो धागा थेट मे 1771 च्या अलामन्सच्या लढाईपर्यंत, क्लेअरचा जावई रॉजर याच्या गळ्यातल्या फासापर्यंत जातो.

सिरीज बघितली असेल तर ती थोडी बाजूला ठेवा, पुस्तकातला मर्टा, म्हणजे जेमीचा गॉडफादर, कलोडनच्या लढाईतच मरतो. आणि लॉर्ड जॉनच्या वेगळ्या कादंबऱ्या तिसरा भाग संपल्यावरच घ्या, आधी घेतल्यात तर तुरुंगातल्या त्या भेटींची सगळी मजा जाईल.