नववीचा द्रव्य अक्षय्यतेचा तास: आधीची तयारी

नियम एवढाच: बदल कुठलाही असो, एकूण वस्तुमान तेवढंच राहतं. तेच तोलून दाखवायचं. सगळ्यात आधी काटा. स्वयंपाकघरातला, ग्रॅमखाली न दाखवणारा काटा इथे कुचकामी; 0.1 ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा हवा. मी माझा नागपूरच्या इतवारी बाजारातून आणला. सेल नवे घाला आणि एक नाणं जवळ ठेवा. तेच नाणं तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी तोललं की काटा सरकला का ते कळतं. तोलताना पंखा बंद करावा लागेल. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, उकाडा असतोच, पोरं कुरकुरतील. म्हणून काट्याला तीन बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा करा आणि पंखा फक्त आकडा वाचण्यापुरता थांबवा.

साखर विरघळवणं पाच मिनिटांत उरकतं. फक्त ढवळायचा चमचाही पेल्यासोबतच तोला, त्याला चिकटलेला पाक हिशेबात राहतो. बर्फाला मात्र जपा. जुलैच्या दमट हवेत गार स्टीलच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं आणि वजन चक्क वाढतं. बर्फ झाकणाच्या डब्यात घ्या, तोलण्याआधी डबा बाहेरून पुसा. किंवा एकदा मुद्दाम पुसू नका. वाढलेलं वजन कुठून आलं हे मुलांनाच शोधू द्या.

खरा वेळ सोडा-व्हिनेगरला ठेवा. खायच्या सोड्याच्या प्रत्येकी 2 ग्रॅमच्या पुड्या टिश्यू पेपरात आधीच बांधा, व्हिनेगर 40 मिली पुरे. यातून साधारण एक ग्रॅम, म्हणजे अर्धा लिटर, कार्बन डायऑक्साइड निघतो. उघड्या पेल्यात तेवढं वजन उतरतं आणि मुलं म्हणतात, नियम चुकला. मग बहुतेक जण बाटलीला फुगा लावतात. तिथेच फसगत आहे. पहिल्या वर्षी मीही फसलो: फुगा टम्म फुगला, काटा अर्धा ग्रॅम कमी, आणि मी ‘गळला असेल’ म्हणून वेळ मारून नेली. गळलं काहीच नव्हतं. फुगलेला फुगा अर्धा लिटर हवा बाजूला सारतो, त्या हवेचं वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, तेवढाच तो वर उचलला जातो.

म्हणून फुगा नको, कोल्ड्रिंकची 600 मिलीची प्लास्टिकची बाटली आणा. तिचा आकार फारसा बदलत नाही. बाटली, झाकण, पुडी, सगळं एकत्र तोला. पुडी आत टाकून झाकण झटक्यात घट्ट लावा, परत तोला. काचेची बाटली अजिबात नको, आणि सोडा 2 ग्रॅमच्या वर नको. शेवटी झाकण सैल करा, फस्स आवाज होऊ द्या, पुन्हा तोला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिएने 1774 मध्ये बंद भांड्यात कथील तापवलं तेव्हा उलटं घडलं होतं: भांडं बंद असेतो वजन तेच, उघडल्यावर हवा आत शिरली तेव्हा वाढलं. ही गोष्ट इथेच सांगा, तासाच्या सुरुवातीला नाही.

साका दाखवायला शिसं, पारा असली रसायनं कशाला? कृषी केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट मिळतं, कपाशीची पानं लाल पडतात त्या लाल्यावर फवारतात तेच. ते आणि धुण्याचा सोडा वेगवेगळ्या पाण्यात विरघळवा. एकत्र केले की पांढरा साका बसतो. दोन्ही पेले, आधीही आणि नंतरही, काट्यावर एकत्रच ठेवा. रिकाम्या पेल्यात राहिलेले थेंब विसरले की आकडा जुळत नाही.

प्रत्येक प्रयोगाआधी मुलांचा अंदाज वहीत लिहून घ्या, पेनाने, म्हणजे खोडता येणार नाही.

कापूर आठवडाभर आधी मांडा: थोड्या वड्या उघड्या बशीत, तेवढ्याच घट्ट झाकणाच्या बाटलीत, दोन्ही तोलून. उघडा कापूर हवेत उडून घटतो, बाटलीचं वजन तेच राहतं. कपाटावर ठेवा आणि ‘आरतीसाठी नेऊ नये’ अशी चिठ्ठी लावा. आमच्याकडे एकदा नेलाय.