निन्जा घेऊन टँक करताय? या चुका टाळा

फायनल फॅन्टसी ११ या ऑनलाइन गेममध्ये टँक म्हणून शत्रूचे वार अंगावर घेणारा पार्टीतला निन्जा आडवा झाला की पहिलं बोट हीलरकडे वळतं: क्युअर (जखमा भरणारा मंत्र) उशिरा आला! अशा वेळी चॅट लॉग थोडा वर सरकवून बघा. बहुतेकदा शेवटची सावली केव्हाच गेलेली असते आणि नवी उत्सुसेमी, म्हणजे वार झेलणाऱ्या सावल्या उभ्या करणारी निन्जाची विद्या, पडलेलीच नसते. निन्जाचा जीव एचपीत (जीवनबिंदूंत) नाही, सावल्यांत आहे. पॅलडिन या ढालवाल्या टँकसारखं जाड चिलखत त्याच्याकडे नाही, हातात ढाल नाही. त्यामुळे एचपीच्या पट्टीकडे डोळे लावून टँक करणारा निन्जा नेहमी उशिराच जागा होतो. नजर सावल्यांच्या आकड्यावर हवी. कॉपी इमेजच्या (सावल्या चालू असल्याच्या) आयकॉनवर किती उरल्या ते दिसतं. सावली गेल्याची ओळ लॉगमध्येही येते, पण गर्दी नको म्हणून अनेकांनी तीच फिल्टर करून टाकलेली असते. ती आधी चालू करा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सावल्या संपल्यावर इची सुरू करणं (इची आणि नी हे उत्सुसेमीचे दोन प्रकार). इची कास्ट व्हायला, म्हणजे टाकून पूर्ण व्हायला, ४ सेकंद लागतात, नीला दीड. सावली शिल्लक असेल तर घाव तिच्यावर जातो आणि कास्ट चालू राहतो. ती नसेल तर घाव अंगावर बसतो, कास्ट मोडू शकतो आणि पुन्हा ४ सेकंद उघड्यावर काढावे लागतात. म्हणून नीच्या ४ सावल्यांपैकी एक उरली की इचीला हात घाला.

इथेच दुसरा सापळा आहे, आणि त्यात अनुभवी माणसंही सापडतात. नीची एकही सावली शिल्लक असली तर इची लागतच नाही. कास्ट पूर्ण होतो, परिणाम शून्य. (उलट बाजूने ही अडचण नाही, इचीवर नी सरळ बसते.) उपाय असा: इची सुरू करा, मनात एक, दोन, तीन मोजा आणि तीन म्हणून झाल्यावर कॉपी इमेज हाताने काढून टाका. घाई केलीत तर तेवढ्यात घाव बसेल, उशीर केलात तर इची वाया जाईल. ही लय बोटांत बसायला वेळ लागतो. सोप्या मॉबवर (शत्रूवर) मुद्दाम सराव करा, मोठ्या लढाईत पहिल्यांदा करून बघू नका. आणि कास्ट करताना पाय हलवू नका, चाललात की कास्ट तुटतो.

इचीचा रीकास्ट (पुन्हा टाकता येण्याआधीची वाट) ३० सेकंद, नीचा ४५. मॉब भराभर मारणारा असेल तर या दोघींत मोठी पोकळी पडते. तिच्यासाठी व्हाइट मेजकडे (हीलरकडे) क्युअरच्या आधी हेस्ट हा वेग वाढवणारा मंत्र मागा, रीकास्ट त्याने कमी होतो. तुमच्या बाजूने होजोने मॉब संथ करा, कुरायामीने आंधळा करा. चुकलेला वार सावली खात नाही, त्यामुळे इव्हेजनचा (वार चुकवण्याची क्षमता वाढवणारा) गिअरही इथे पैसा वसूल करतो. निन्जाने होजो न टाकता लढाई सुरू केलेली मला बघवत नाही. स्वतःच्याच सावल्या तो उधळत असतो.

मॉब हातातून सुटत असेल तर फक्त प्रोव्होकवर (मॉबला चिथावणाऱ्या क्षमतेवर) विसंबणं थांबवा. त्याचा रीकास्ट ३० सेकंदांचा आहे आणि त्याने मिळालेलं हेट (मॉबचा तुमच्यावरचा राग) तेवढ्याच वेळात विरून जातं. शिवाय अंगावर घाव बसला की साठलेलं हेटही घटतं. म्हणजे सावल्यांत चुकलात तर जीव आणि मॉब दोन्ही जातात. योनिन ही निन्जाची क्षमता चालू ठेवा आणि मॉबच्या समोर उभे राहा, इव्हेजनचा फायदा समोरूनच मिळतो. इन्निन टँकसाठी नाही, ते हेट कमी करतं.

दोन-तीन मॉब एकदम अंगावर घेऊ नका. प्रत्येक वार एक सावली खातो, हिशोब तिथेच संपतो. एरिया हल्ला मात्र एका फटक्यात अनेक सावल्या नेतो, कधी सगळ्याच. त्या वेळी एचपी भरलेला लागतो, हे हीलरला आधीच सांगून ठेवा. मॉबला जितके जास्त वार बसतात तितका त्याचा टीपी (खास हल्ल्यांसाठीचे गुण) भरतो आणि तितके असे हल्ले वाढतात. पार्टीत दोन हातांनी भराभर मारणारे बरेच असतील तर हे आणखी जाणवतं.

सायलेन्स (मंत्र बंद पाडणारा परिणाम) बसला की निन्जुत्सू, म्हणजे उत्सुसेमीसकट निन्जाच्या या विद्या, बंद. तो उतरवणाऱ्या इको ड्रॉप्सचा मॅक्रो उत्सुसेमीच्या शेजारच्याच बटणावर ठेवा. आणि निघण्याआधी शिहेई (उत्सुसेमीसाठी खर्च होणारं साहित्य) मोजा: प्रत्येक कास्टला एक जातो, सतत लढाई चालली तर ९९ ची गड्डी अर्ध्या-पाऊण तासात संपते. जादा शिहेई टूलबॅगमध्ये भरून न्या आणि बॅग दोन लढायांच्या मधे उघडा.